रांजणात कोंडलेले मी

एका राज्यात एकच माणूस 'मी' म्हणत असे. तो राजा होता. बाकी दोन लाख माणसे होती, आणि त्यांतल्या एकालाही स्वतःला काय म्हणावे ते ठाऊक नव्हते.

राजाचे नाव उग्रकेतू. तो मुळात वाईट नव्हता, असे त्याचे भाट सांगतात. भाटांचे काय जाते सांगायला! एके दिवशी त्याने मांत्रिकाला बोलावले आणि म्हटले, "शेतकरी म्हणतो मी पेरले, कोष्टी म्हणतो मी विणले. मग माझ्या वाट्याला काय राहिले?"

मांत्रिकाने तांब्याचा रांजण आणवला. सात दिवसांत त्याने राज्यातले सगळे 'मी' गोळा करून त्यात भरले. माझे, मला, आम्ही हे त्याचे भाऊबंदही आत कोंबले, तोंड लाखेने बंद केले आणि रांजण डोंगरातल्या गुहेत यक्षाच्या पहाऱ्यात ठेवला. त्यानंतर जो कोणी स्वतःसाठी 'मी' म्हणेल त्याची साळुंकी होईल, असा शाप पडला. एक वर्ष तिला माणसाची वाचा राहील, मग ती निव्वळ पाखरू. जाताना मांत्रिकाने भर दरबारात राजाच्या कानात एक अट सांगितली. त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली की यापुढे राजाला कोणीही प्रश्न विचारायचा नाही.

आता लोकांचे हाल ऐका. तापाने फणफणलेला माणूस वैद्याकडे जाऊन म्हणे, "इथे पोट दुखते आहे," आणि इथे म्हणजे कुठे ते वैद्याने ओळखायचे. आयांना लेकरांना 'माझ्या सोन्या' म्हणता येईना. 'राजाच्या सोन्या, झोप बरे' असे म्हणून त्यांनी पोरे झोपवली. दुसऱ्या एखाद्या राजाला याची लाज वाटली असती. उग्रकेतूला ते ऐकून गाढ झोप लागे.

त्या राज्याच्या बंदरात टोपीकरांची गलबते येत. त्यांची भाषा इंग्रजी. ती भाषा येणारी एकच दुभाषी राज्यात होती, मंजुघोषा तिचे नाव. तिच्यापुरती शापाने वाट सोडली होती, कारण दुभाष्याचा धर्मच असा आहे की ज्याचे बोलणे सांगायचे त्याचे होऊन सांगायचे. टोपीकर आय म्हणाला की तिने मी म्हणायचे, राजा मी म्हणाला की तिने आय म्हणायचे. तो मी तिचा नव्हताच, म्हणून शापाला तिच्यात धरायला काही सापडत नसे. पहिल्या दिवशी तिने शपथ घेतली होती की पदरचा एक शब्द घालणार नाही आणि ऐकलेला एक शब्द गाळणार नाही.

राजाला ती भाषा मुळीच आवडत नसे. तिच्यात राजालाही यू आणि शिडे ओढणाऱ्या खलाशालाही यू. लिहिताना आय हे अक्षर मोठे काढायचे, ताठ उभे.

"त्याला सांग," राजा एकदा म्हणाला, "पुढच्या पत्रात त्याने स्वतःचा आय लहान लिहावा."

टोपीकरांचा वकील हारगीव याने उत्तर दिले, "आमच्याकडे तो मोठाच लिहितात. भिकाऱ्याचाही."

ते उत्तर राजाच्या मनात रुतून बसले. दुसऱ्या दिवशी त्याने मंजुघोषेला टोपीकरांना धाडायच्या पत्राचा मजकूर सांगितला. "लिही. माझी प्रजा सुखी आहे, ती तक्रार करत नाही. तिच्यासाठी तिकडचा इट हा शब्द वापर."

"महाराज, इट वस्तूंना म्हणतात. गुरांना म्हणतात. पुष्कळ माणसे असली की दे म्हणतात."

"म्हणूनच इट लिही."

तिने लिहिले. तिची शपथ मला ठाऊक आहे, तरीही इथे मला तिचाही राग येतो.

मंजुघोषेची आई वज्रा ही पाथरवटीण होती. चाळीस पाथरवटांना हाताशी धरून तिने नऊ वर्षांत बंदराचा धक्का बांधला. भरतीच्या लाटा त्यावर आपटून परत जात आणि आतली गलबते पाळण्यातल्यासारखी निवांत असत. धक्का पुरा झाला त्या दिवशी राजा वाजतगाजत आला, त्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "हा धक्का मी बांधला."

पाथरवट खाली मान घालून उभे राहिले. वज्राने मान खाली घातली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या धक्क्याखाली चिरडून गेली होती. तिने तो हात वर केला आणि म्हणाली, "मी बांधला."

आणि तिथे एक साळुंकी बसलेली होती. तिच्या उजव्या पायाला दोन नख्या कमी होत्या.

मंजुघोषेने तिला खांद्यावर बसवून घरी आणले. दिवस गेले, महिने गेले. साळुंकी आधी गावांची नावे विसरली, मग हत्यारांची. धक्क्याचे माप मात्र तिला पाठ होते. अकराव्या महिन्यात राजाला स्वतःचा कीर्तिस्तंभ उभारायची लहर आली. चौथऱ्याला मोठे दगड हवे होते, आणि धक्क्याच्या पायथ्याला ते आयते होते. पाथरवटांनी हात जोडले, "महाराज, हे काढले तर धक्का खचेल." राजाने हत्ती लावून दगड काढवले. साळुंकी तीन दिवस त्या खड्ड्यांवर घिरट्या घालत ओरडत होती. राजा म्हणाला, "त्या पाखराला हाकला."

आश्विनात वादळ आले. धक्का खचला, लाट आत शिरली आणि टोपीकरांचे गलबत खडकावर फुटून अकरा खलाशी बुडाले. हारगीव वकील दोन लढाऊ जहाजे बंदरात उभी करून म्हणाला, "आठ दिवसांनी दरबारात येईन. हे कोणी केले ते विचारीन. ज्याने केले तो माझ्या हाती द्या, नाहीतर तोफा बोलतील."

घरी साळुंकी म्हणाली, "पोरी, राजाला प्रश्न विचारला जाणार. प्रश्नाला राजा भितो. का भितो ते यक्षाला माहीत असेल. जा."

"आई, तुझे वर्ष आठव्या दिवशी सूर्यास्ताला भरते."

"मग बोलत काय बसलीस?"

डोंगर दोन दिवसांच्या वाटेवर होता. खांद्यावर आईला घेऊन मंजुघोषा गुहेच्या तोंडाशी पोचली. यक्ष रांजणाला टेकून बसला होता. आत दोन लाख मी एकदम कुजबुजत होते.

"राजाच्या कानात कोणती अट सांगितली होती?" तिने विचारले.

"तीन निरोप पोचव," यक्ष म्हणाला. "एक शब्द वाढवू नकोस, एक गाळू नकोस. मग सांगेन."

पहिला निरोप दोन डोंगरांमधला होता. एका ओढ्यावरून ते शंभर वर्षे भांडत होते. त्यांच्या शिव्या तिने जशाच्या तशा पोचवल्या, तिच्या तोंडून ऐकू नयेत अशा. तिसऱ्या प्रहरी डोंगरांना स्वतःचीच लाज वाटली आणि ओढा दोघांच्या मधून वाहू लागला.

दुसरा निरोप विहिरीतल्या नागाचा बेडकांना होता. "मी भुकेला आहे," असे नागाचे होऊन ती म्हणाली. "मला जगायचे आहे," असे बेडकांचे होऊन ती म्हणाली. त्या भांडणाला तोड नव्हती आणि तिने ती काढायचा प्रयत्नही केला नाही. नाग दुसऱ्या विहिरीत गेला, तिथेही बेडूक होतेच.

"तिसरा निरोप राजाचा आहे," यक्ष म्हणाला. "तो या साळुंकीला सांग. 'हा धक्का मी बांधला.'"

मंजुघोषा उसळली. "हे तिला सांगायचे? तिलाच?"

"राजा बोलला, तू दुभाषी आहेस."

तिने साळुंकीला तळहातावर घेतले, तिच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हणाली, "हा धक्का मी बांधला." साळुंकीने तिच्या बोटाला चोच मारली. रक्त आले. मंजुघोषेने हात मागे घेतला नाही.

"आता ऐक," यक्ष म्हणाला. "ज्याने सगळ्यांचे मी घेतले, त्याला सगळ्यांचे उत्तरही द्यावे लागते. कोणी त्याला तीनदा विचारले की हे कोणी केले, तर तीनही वेळा त्याने स्वतःच्या तोंडाने मी म्हणायचे. जे मिरवायचे त्यालाही मी, जे लपवायचे त्यालाही मी. दुसऱ्याकडे बोट दाखवून तो बोलला की रांजण फुटला. पण तो गप्प बसला तर काहीच होत नाही, आणि त्याच्या वतीने दुसरा बोलला तरीही होत नाही. आणि बाई, तुझी जीभ तू फार चांगली भाड्याने दिली आहेस. तुझ्या स्वतःपुरती ती कधी वापरलीस?"

मंजुघोषेने साळुंकीला पुन्हा खांद्यावर बसवले. परतीच्या वाटेवर साळुंकी मुलीचे नाव विसरली.

आठव्या दिवशी दुपार कलल्यावर दरबार भरला. चाळीस पाथरवटांना दोरखंडाने बांधून उभे केले होते, आणि कशाला ते कोणालाच सांगावे लागले नाही. हारगीव टोपी काढून पुढे आला. सिंहासनाच्या उजव्या हाताला मंजुघोषा उभी होती, तिच्या खांद्यावर साळुंकी.

वकिलाने विचारले, मंजुघोषेने सांगितले, "हा धक्का कोणी बांधला?"

"मी," राजा म्हणाला. आनंदाने म्हणाला.

"गलबतांना वाट दाखवणारा खडकावरचा दिवा कोणी लावला?"

"मी."

तो दिवा एक आंधळी कोळीण वीस वर्षे लावत होती. ती दाराशीच उभी होती.

"मग धक्क्याच्या पायथ्याचे दगड कोणी काढले?"

राजाने तोंड उघडले आणि मिटले. अट त्याच्या लक्षात होती. या धूर्त माणसाने काय करावे? त्याने हूं की चूं केले नाही. नुसते बोट उचलून पाथरवटांकडे दाखवले, मग मंजुघोषेकडे पाहून मान हलवली. अर्थ स्पष्ट होता. तू बोल. इंग्रजीत बोल. त्यांनी काढले म्हण.

एकच लहानसा शब्द होता, दे. माणसांसाठी वापरायचा, बरोबर शब्द. पत्रात तिने तो लिहिला नव्हता. आज तो बोलली असती तर चाळीस माणसे संध्याकाळच्या आत जहाजाच्या डोलकाठीला लटकली असती. राजाचा रांजण शाबूत राहिला असता, आणि उन्हे उतरताच तिची आई कायमची पाखरू झाली असती. हारगीव तिच्या तोंडाकडे पाहत होता. राजा तिच्या तोंडाकडे पाहत होता. साऱ्या जन्मात तिच्या तोंडाकडे लोकांनी असेच पाहिले होते, नळाकडे पाहावे तसे, पाणी दुसऱ्याचे.

"बोल," राजाच्या डोळ्यांनी म्हटले.

"नाही," ती म्हणाली. "मी हे बोलणार नाही."

तो मी कोणाचाच निरोप नव्हता. शापाने तिला तत्काळ धरले. तिच्या मनगटातून तपकिरी पिसे फुटू लागली, पाय आखडले. तरीही ती बोलत राहिली, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत, आय अगदी मोठा करून. "मी प्रजेला इट लिहिले, ते चुकीचे होते. मी आजपासून या माणसाचे तोंड नाही. दगड कोणी काढले ते त्याने स्वतः सांगावे."

वकील राजाकडे वळला. दरबार राजाकडे वळला. दोन लाखांचे मी ज्याच्या घशात होते त्याच्याकडे आता एक उसने तोंडही राहिले नाही. उग्रकेतूच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षे सांभाळलेली अट तो एका श्वासात विसरला आणि सिंहासनावरून उठून किंचाळला, "त्यांनी काढले! त्या पाथरवटांनी! मी नाही!"

दोन दिवसांच्या वाटेवरच्या डोंगरात रांजण फुटला. त्याचा आवाज दरबारापर्यंत आला.

मग राज्यातल्या प्रत्येक माणसाला उचकी लागली. कोणी आठवण काढली की उचकी लागते असे आपण म्हणतो. त्या दिवशी ज्याने त्याने स्वतःचीच आठवण काढली होती. वैद्याच्या ओसरीवर एकजण ओरडला, "मला दुखते आहे, मला!" आणि दुखत असताना हसू लागला. आंधळी कोळीण दाराशी उभी राहून म्हणाली, "दिवा मी लावते." एवढेच म्हणाली, दोनदा म्हणाली.

मंजुघोषेच्या हातावरची पिसे गळून फरशीवर पडली. तिच्या शेजारी तिची आई उभी होती, केस विसकटलेली, वर्षभरात विसरलेल्या सगळ्या गोष्टी ओठांवर आलेली. लेकीचे नाव तिला आठवले होते.

पाथरवटांचे दोर सुटले. राज्याचा कारभार पाच जाणत्यांच्या हाती गेला. उग्रकेतूला हारगीवच्या हवाली करावे असे पुष्कळांचे म्हणणे पडले, पण जहाजांवरून आलेले अकरा खलाशांचे भाऊ स्वतः बोलले, "याला फाशी नको. याच्याकडून दगड परत बसवून घ्या." त्याचा कीर्तिस्तंभ पाडला गेला. त्याचे दगड तो डोक्यावरून वाहून धक्क्यापर्यंत नेऊ लागला. वाटेत कोणीही त्याला थांबवून विचारी, "हे कोणी काढले होते?" आणि त्याला उत्तर द्यावे लागे. पहिले कित्येक दिवस त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. मला त्याची मुळीच दया येत नाही.

ओहोटीला वज्रा पायथ्याशी उतरली. बंदरावर सगळे गाव लोटले होते. हारगीवही होता, मंजुघोषा त्याच्या शेजारी. लोकांना वज्राच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायचे होते, ज्यासाठी ती वर्षभर पाखरू होऊन राहिली. वज्राने फुटलेल्या भिंतीवरून तीन बोटांचा हात फिरवला, एका सांध्यात नख घातले, वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हा धक्का मी बांधला," ती म्हणाली.

लोकांनी आरोळी ठोकली. तिने हात वर करून त्यांना गप्प केले.

"थांबा. दगड काढले म्हणून तो खचला हे खरे आहे. पण इथला तळचा थर मी पाऊस यायच्या आत उरकायचा म्हणून घाईत बसवला होता. चुना वाळू दिला नाही. तो नीट असता तर धक्का आणखी थोडा तगला असता, आणि त्या अकरांतले काही पोहून वर आले असते. तेवढी चूक माझी आहे."

हारगीवने मंजुघोषेकडे पाहिले. मंजुघोषेने आईचे बोलणे इंग्रजीत सांगितले, एक शब्द न वाढवता आणि एक न गाळता. वकिलाने टोपी काढली.