काबरीचं पुसलेल्या खुणेचं अंडं

एक होती कोंबडी. तिचं नाव काबरी. शालनकाकूच्या परसात टोपली होती. टोपलीत काबरी बसली होती. पोटाखाली सहा अंडी होती.

शालनकाकूने प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली होती. काळी काळी रेघ. ती खूण. खुणेच्या अंड्याला हात लावायचा नाही. त्यात पिल्लू असतं.

आणि बिनखुणेचं अंडं? ते खायचं. दुसऱ्या कोंबड्या भारी लबाड. काबरीच्या टोपलीत गुपचूप अंडं घालायच्या आणि पळून जायच्या. ते ताजं अंडं काकू रोज उचलायची.

पण एका अंड्याची खूण पुसली. काबरीच्या पिसांनीच पुसली. काबरीला कळलंच नाही.

सकाळ झाली. टक टक टक! एक अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. ओलं ओलं, पिवळं पिवळं.

पिल्लू म्हणालं, "आई, माझ्या शेजारचं अंडं कुठंय? त्यात माझा भाऊ होता. तो आतून टिक टिक करायचा. मी पण टिक टिक करायचो."

काबरी म्हणाली, "शालनकाकूने नेलं. नाश्त्याला नेलं."

"चल ना, आणू या!"

"मी उठले तर बाकीची गार पडतील. गार पडली की मरतील. तू जा बाळा."

पिल्लू निघालं. एकटंच निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

स्वयंपाकघरात तवा होता. पाव होता. ताटलीत दोन अंडी होती. काकूची छबू पाटावर बसली होती. "आई, भूक! मला अंडं-टोमॅटोचा टोस्ट!"

पिल्लू म्हणालं,
"काकू काकू, अंडं दे.
अंड्यात माझा भाऊ आहे."

काकू म्हणाली, "खूण कुठाय त्याच्यावर? माझी छबू उपाशी हाय. खूण आण, अंडं ने."

काकूने कांदा घेतला. कच कच कच. कांदा चिरून झाला. अंडं अजून ताटलीत होतं.

पिल्लू चुलीकडे गेलं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पाणी तापवायची चूल विझली होती. राखेत कोळसा होता.

"कोळशा कोळशा, खूण दे.
काकू ऐकत नाही,
अंड्यात माझा भाऊ आहे."

कोळसा म्हणाला, "माझ्यावर मनीमांजर बसलंय. मनीला उठव, खूण ने."

खरंच की! ऊबदार राखेत मनी झोपली होती. एक डोळा मिटलेला. एक डोळा उघडा. पिल्लू खूप घाबरलं. तरी पुढे गेलं. टुणुक टुणुक.

"मनी मनी, ऊठ ना.
कोळसा निघत नाही,
काकू ऐकत नाही,
अंड्यात माझा भाऊ आहे."

मनी म्हणाली, "मी उठले तर आधी तुला खाईन. दूध आण, मग दूध पिईन."

आत काकूने टोमॅटो घेतला. लाल लाल टोमॅटो. कच कच कच. टोमॅटो चिरून झाला. अंडं अजून ताटलीत होतं.

पिल्लू शेळीकडे गेलं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"शेळी शेळी, दूध दे.
मनी उठत नाही,
कोळसा निघत नाही,
काकू ऐकत नाही,
अंड्यात माझा भाऊ आहे."

शेळी म्हणाली, "बें! मलाच कोणी काही घातलं नाही. पाला आण, दूध ने."

आत काकूने मिरची घेतली, कोथिंबीर घेतली. कच कच कच. चिरून झाली. तवा तापला. अंडं अजून ताटलीत होतं.

पिल्लू शेवग्याकडे गेलं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पाय दुखले. शेवगा छोटासा होता. त्याची फांदी जमिनीला टेकली होती.

"शेवग्या शेवग्या, पाला दे.
शेळी दूध देत नाही,
मनी उठत नाही,
कोळसा निघत नाही,
काकू ऐकत नाही,
अंड्यात माझा भाऊ आहे."

शेवगा म्हणाला, "अळी मला खातेय. रोज खातेय. अळी काढ, पाला ने."

पानावर अळी होती. हिरवी हिरवी, बारकी बारकी.

"अळी अळी, खाली उतर.
शेवगा पाला देत नाही,
शेळी दूध देत नाही,
मनी उठत नाही,
कोळसा निघत नाही,
काकू ऐकत नाही,
अंड्यात माझा भाऊ आहे."

अळी म्हणाली, "मी नाही उतरणार. मला पण भूक आहे."

आता कुणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं. पिल्लाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पिल्लाने चोच उघडली. टच! अळी वळवळली. मग वळवळली नाही. पिल्लाने आयुष्यात पहिल्यांदाच काही खाल्लं होतं. त्याला ते आवडलं नाही. पण थांबायला वेळ कुठे होता?

अळी गेली, शेवग्याने पाला दिला.
पाला मिळाला, शेळीने दूध दिलं. चुर्र चुर्र, करवंटीत.
दूध मिळालं, मनी उठली. लप लप प्यायली.
मनी उठली, कोळसा निघाला.
कोळसा चोचीत धरून पिल्लू पळालं. टुणुकटुणुकटुणुकटुणुक!

टक! काकूने एक अंडं फोडलं.

पिल्लाने डोळे मिटले. मग एकच डोळा उघडला. वाडग्यात पिवळा गोळा होता. नुसता पिवळा गोळा. ते ताजं अंडं होतं.

काकूने दुसरं अंडं उचललं.

"काकू काकू, खूण आणली!"

पिल्लाने अंड्यावर रेघ ओढली. सर्रर्र. काळी काळी रेघ. काकूने अंडं कानाला लावलं.

टिक. अगदी हळू. टिक.

"अगं बाई! माझे डोळे फुटले होते का!" काकू म्हणाली. ती परसात धावली. अंडं काबरीच्या पोटाखाली ठेवलं.

मग काकूने एकाच अंड्याचा टोस्ट केला. कांदा, टोमॅटो, मीठ, मिरची. पावावर ओतलं, तव्यावर टाकलं. चर्रर्र! छबूने सगळा खाल्ला.

काबरी बसून राहिली. पिल्लू बसून राहिलं. अंडं गार होतं. फार गार होतं. टिक ऐकू येईना. ऊन अंगणात आलं. ऊन अंगणातून गेलं.

टक.

टक टक.

भाऊ बाहेर आला. बारका होता. एक पाय वाकडा होता. पण होता! पिल्लू त्याला चिकटून बसलं.

छबू बघायला आली. "आई, या पिल्लाच्या चोचीला पण खूण आहे! काळी काळी. म्हणजे याला खायचं नाही ना?"

काकूने पिल्लाकडे पाहिलं.

"खूण हाय तोवर न्हाई," काकू म्हणाली.

पिल्लाने ते ऐकलं. सगळ्या कोंबड्या चोच मातीत पुसतात. ते पिल्लू मोठं झालं, तरी त्याने कधी पुसली नाही. रोज सकाळी ते चुलीकडे जायचं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चोच कोळशावर घासायचं. मग भावाच्या चोचीलाही एक रेघ ओढायचं.