समेआधीची पापणी

"मग बुवा, लय राहते कुठे? हातात, की हृदयात?"

डॉक्टर श्रीकर आठल्ये यांनी हा प्रश्न विचारला, तो उत्तर ऐकायला नव्हे, द्यायला. मोठ्या माणसांचे बरेच प्रश्न असेच असतात.

रंगनाथबुवा मठाच्या ओसरीवर पखवाजाला लावायची कणीक मळत होते. याच ओसरीवर श्रीकर लहानपणी त्यांच्याकडे पखवाज शिकला. आता तो मेंदूचा शास्त्रज्ञ होता, आणि आपल्या मुलीला, शाल्मलीला, स्वतः पखवाज शिकवत होता. तिचं पहिलं जाहीर वादन जवळ आलं होतं. त्याआधी गुरूची शाबासकी हवी होती. तिला की त्याला, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"तूच सांग," बुवा म्हणाले.

"लहान मेंदूत. इथे." श्रीकरने डोक्याच्या मागे, मानेच्या वर बोट ठेवलं. "हा विचार करत बसत नाही. हा वेळ साधतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"सशांनी! प्रयोगशाळेत आम्ही सशाला एक सूर ऐकवतो, आणि सूर संपता संपता त्याच्या डोळ्यावर हवेचा झोत सोडतो. ससा डोळा मिटतो. असं पुन्हा पुन्हा केलं, की नुसता सूर ऐकून मिटायला लागतो. तोही केव्हा? झोत यायच्या अगदी किंचित आधी. काय हिशेब असतो त्याचा, बुवा! लहान मेंदूतला तो एवढासा भाग निकामी केला, की हे सगळं शिक्षण गेलं. झोत लागल्यावर डोळा मिटतो, पण आधी नाही."

"सशाला शिकायचं होतं का?"

श्रीकर हसला. बुवा हसले नाहीत. त्यांनी कणीक लावून पखवाज शाल्मलीपुढे सरकवला.

"वाजव, पोरी."

शाल्मली वाजवू लागली. श्रीकर घरी बसायचा तसाच तिच्या शेजारी बसून हाताने ताल धरत होता. आवर्तनामागून आवर्तन फिरत होतं, आणि दरवेळी ती पहिल्या मात्रेवर, समेवर, नेमकी येत होती. कुठेही खोट नव्हती.

बुवांचं लक्ष मात्र तिच्या हातांकडे नव्हतं.

"पाहिलंत?" श्रीकर कुजबुजला. "समेवर येताना डोळे मिटतात तिचे. केवढी तल्लीनता! लोक वेडे होतात बघून."

"पोरी," बुवांनी विचारलं, "सम चुकली की बाबा काय करतो गं?"

हात थांबले.

"काही नाही, बुवा."

असं म्हणताना तिने बाबाच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"श्रीकरा, हात पाठीमागे घे. पोरी, पुन्हा वाजव."

सम आली. डोळे मिटले. समेच्या आधी... अगदी किंचित आधी.

श्रीकर पाहत राहिला. जन्मभर त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. हेच मोजून तो मोठा झाला होता, आणि घरात समोर बसलेली पोर त्याला दिसली नव्हती.

त्याचा चेहरा उतरला. मग तो उसळून म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत हे! सम बरोबर आली की तुमचा हात तुमच्या मांडीवर पडायचा. चुकली, की माझ्या कानशिलावर. मी तेच केलं."

बुवांनी पखवाज उचलून श्रीकरपुढे ठेवला.

तो वाजवू लागला. केस पिकले होते तरी हात बसलेला होता. सम आली...

"बाबा," शाल्मली हळूच म्हणाली, "तुमचेपण मिटतात."

श्रीकरचा हात पखवाजावरच राहिला. मान वर करायचं त्याचं धाडस होईना.

"मी त्याला ध्यान म्हणायचो," बुवा म्हणाले. "या पोराचे डोळे बघा, म्हणून आल्यागेल्याला दाखवायचो... लाज वाटते रे."

त्यांनी शाल्मलीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हे पुसता येतं का?" बुवांनी विचारलं.

"सूर ऐकवायचा, झोत सोडायचा नाही. पुन्हा पुन्हा. हळूहळू ससा डोळा मिटायचं थांबवतो." श्रीकर थांबला. "पण आत ते राहतंच. पुन्हा झोत लागला, की झटकन परत येतं."

तो मुलीकडे वळला. "शाल्मली, मला..."

"माफी नंतर माग," बुवा म्हणाले. "ती देईलही. पण ते तिचा मोठा मेंदू ऐकेल. पापणीला काय कळणार?"

श्रीकरच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलीसमोर ते पुसायचीही त्याला लाज वाटली.

बुवांनी पखवाज पुन्हा शाल्मलीपुढे ठेवला. ते स्वतः तिच्यासमोर बसले, आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. श्रीकरने ते पाहिलं. मग तोही सरकून त्यांच्या शेजारी बसला, आणि त्यानेही हात मांड्यांखाली घेतले.

शाल्मली दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"काय वाजवू, बुवा?"

"काहीही वाजव, पोरी... फक्त सम चुकव."