न सारवलेली हातभर माती

खडकसवण्यातलं कुठलंही अंगण बघा, तुळशीपाशी हातभर जागा न सारवलेली दिसेल. इथल्या बायका आळशी आहेत, असं मात्र बोलू नका मंडळी. त्या हातभर जागेपायी फार मनस्ताप सोसलाय या गावानं.

ते समोर रूळ दिसतात ना, तिथं पांढर होती. पांढर म्हणजे मूळ गावठाणाचं टेकाड. आमच्या वाडवडलांची घरं तिच्या पोटात. आगगाडीचा मार्ग नेमका तिच्यावरूनच आखला. तेव्हा आधी चाचणीचा खड्डा खणून बघायला पुरातत्त्व खात्यातले दिघे नावाचे साहेब आले. उन्हात करपत त्यांनी खड्ड्याची भिंत अशी तासली म्हणे, की राख, चुना, जळकी जमीन, सगळे थर उघडे दिसायचे. वरचे साहेब एकदा ही भिंत बघू देत, मग मार्ग वळवावाच लागेल, असं दिघे गावभर सांगत सुटले. तिला हात लावू नका, एवढंच सांगायचं राहिलं.

पाहणीच्या सकाळी दिघे वरच्या साहेबांना आणायला गेले. इकडे गोजराबाई, गावातली जाणती म्हातारी, खड्ड्यापाशी आली आणि तिचा जीव खालीवर झाला. वाडवडलांच्या घरी पाहुणा येणार आणि भिंती अशा उघड्याबोडक्या? तिनं बायका गोळा केल्या. चारी भिंती शेणामातीनं लख्ख सारवल्या, वर गेरूनं कडा काढल्या.

दिघे साहेबांना घेऊन आले आणि भिंत बघताच खड्ड्यात उतरले. खुरप्यानं खरवडू लागले, तर ओल्या शेणाबरोबर थरही फरफटत आले, सगळा नुसता चिखल. वरच्या साहेबांना वाटलं, झाकलंय म्हणजे काहीतरी बनाव आहे. मार्ग आहे तोच राहील म्हणाले आणि निघून गेले.

दिघ्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ओरडायचं कुणावर? समोर गोजराबाई उभी, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, शाबासकीची वाट बघत.

"सायेब, चुकलं का काय आमचं?"

"भिंतच दाखवायची होती हो, बाई," दिघे कसेबसे म्हणाले. "भिंतच."

तिला उमगलं, तशी तिनं पांढरीवर डोकं टेकलं. असं सांगतात, की तिनं तिथंच शपथ घेतली: या हातांनी झाकलं, आता गावातल्या प्रत्येक अंगणात हातभर माती उघडी राहील.

आजही नवी सून सवयीनं ती जागा सारवायला जाते आणि सासू तिचा हात धरते. "ऱ्हाऊ दे तेवढं. कुणी बघायला आलं तर?"

गाडी रोज पांढरीच्या पोटातून जाते. इथं थांबत नाही.