खुराड्यातले चौघे

एकदा एका कुटुंबाने आपल्या कोंबड्यांवर इतके प्रेम केले, की कोंबड्यांना चरताच येईना.

टेकडीच्या पायथ्याशी या कुटुंबाचे छोटेसे शेत होते. घरात माणसे तीन. दत्ताराम, त्याची पत्नी इंदुमती आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची लेक शेवंती. कोंबड्या पिंजऱ्यात कोंडायच्या नाहीत, मोकळ्या कुरणात वाढवायच्या, हा ध्यास इंदुमतीचा. दत्तारामाने हौसेने जुन्या बैलगाडीवर लाकडी खुराडा उभारला. गाडी रोज थोडी पुढे ढकलली, की कोंबड्यांना ताजे गवत. खुराड्याला चहूबाजूंनी बारीक जाळी आणि दाराला अशी कडी, की दार ओढताच ती बाहेरच्या बाजूने आपोआप खाली पडे. मुंगसाची काय बिशाद! त्या कडीचे वर्णन दत्ताराम येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी आणि ऐकणारा मान डोलावून आपली सुटका करून घेई.

पिल्ले आणली ती यंत्रात उबवलेली. त्यांना ना आईचा पंख, ना आईची शिकवण. मग इंदुमतीच त्यांची आई झाली. सकाळी तांदळाच्या कण्या, दुपारी ज्वारीचा भरडा, मधल्या वेळेला चिरलेला पाला, शिवाय येता-जाता एखादी मूठ. पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. एके दिवशी मोठ्या समारंभाने खुराड्याचे दार उघडण्यात आले. समोर गुडघाभर हिरवे गवत. कोंबड्या बाहेर आल्या, गवताकडे पाठ केली आणि घराच्या उंबऱ्याकडे तोंड करून ओळीने उभ्या राहिल्या.

असे दिवसामागून दिवस गेले. चोचीपुढून नाकतोडा उडी मारून जाई, तरी एकही कोंबडी ढुंकून पाहत नसे. इंदुमती दारात दिसली, की मात्र सगळ्या पंख पसरून धावत सुटत. "बघा, किती लळा आहे!" ती म्हणे, आणि आणखी एक मूठ टाकी.

दत्ताराम वैतागला. "अगं, कुरण काय नुसतं शोभेला ठेवलंय? याला कोंबड्या पाळणं म्हणत नाहीत, जावई पोसणं म्हणतात!"

त्या वैतागात त्याने कोंबड्यांच्या एका व्यापाऱ्याला बोलावले. व्यापाऱ्याने कळप पाहिला. "चरण्याचं अंगच नाही यांच्यात. बाजाराच्या दिवशी येतो आणि सगळ्या घेऊन जातो," तो म्हणाला. दत्तारामाने होकार दिला. त्या रात्री इंदुमती जेवली नाही. शेवंतीने आपल्या लाडक्या ठिपकेवाल्या कोंबडीला, भिंगरीला, कुशीतून खाली म्हणून ठेवले नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. इंदुमती म्हणाली, "अहो, तुमच्या गुरुजींना तरी एकदा विचारा."

"गुरुजी पखवाज शिकवतात, इंदू. त्यांना कोंबड्यांतलं काय कळणार?"

"तुम्हाला पखवाज शिकवला ना त्यांनी? त्यापुढं कोंबड्या सोप्याच असतील."

दत्ताराम वृद्ध गुरुजींना घेऊन आला. गुरुजींनी ओळीने उभ्या कोंबड्या पाहिल्या, इंदुमतीचा कमरेला खोचलेला, दाण्यांनी भरलेला पदर पाहिला, आणि म्हणाले, "कोंबड्यांतलं मला काही समजत नाही. मी जन्मभर शिष्य तेवढे पाळले. चला, सगळे खुराड्यात."

"कोंबड्या ना?" दत्तारामाने विचारले.

"कोंबड्या बाहेरच बऱ्या. आपण आत."

गुरूची आज्ञा! तिघे वाकून आत शिरले. मागून गुरुजी चढले, पागोटे छताला अडकले ते सोडवले, आत अंथरलेल्या वाळल्या गवतावर मांडी घातली आणि दार आत ओढून घेतले. खट्ट असा आवाज झाला.

"गुरुजी!" दत्ताराम ओरडला. "ही कडी आतून उघडत नाही!"

"फार छान कडी आहे," गुरुजी म्हणाले.

कोंबड्यांना हा काय प्रकार ते कळेना. त्या जाळीभोवती जमल्या, माना वाकड्या करकरून आतल्या माणसांकडे पाहू लागल्या. "आई, आपल्याला बघायला आल्यात त्या!" म्हणत शेवंती खिदळू लागली. इंदुमतीचा हात नकळत पदराकडे गेला. गुरुजींनी तळहात पुढे केला. तिने मुकाट्याने दाणे दिले आणि ते गुरुजींच्या उपरण्यात गडप झाले.

बाहेर गलका वाढला. इंदुमतीचे डोळे भरून आले. "उपाशी आहेत हो त्या. आणि तो व्यापारी आता येईल."

"येऊ दे," गुरुजी म्हणाले. "तू मात्र इथंच बस, पोरी."

ऊन चढले. जाळीपाशी काही मिळत नाही असे पाहून कोंबड्या एकेक करून पांगल्या. भिंगरी रागारागाने फिरत असता तिचा पाय वाळलेल्या शेणाच्या पोवर पडला. पो उलटला. खाली वाळवी वळवळत होती. भिंगरीने मान वाकडी केली, एक चोच मारली, आणि मग तिला आवरणे ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते. तिची लगबग पाहून दुसरी धावली, दुसरीला पाहून तिसरी. घटकाभरात सगळे कुरण उकरले जाऊ लागले. एक नाकतोड्यामागे उड्या मारत होती, दोघी एका गांडुळासाठी भांडत होत्या. आत इंदुमती हसता हसता रडत होती.

"गुरुजी, तुम्ही काय शिकवलंत त्यांना?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "तू दार उघडलंस खरं, पण स्वतः दारात उभी राहिलीस. पदरात आयते दाणे दिसत असताना पाखरू पायाखालची माती कशाला उकरील? शिकवणाऱ्याला कधीतरी दिसेनासं व्हावं लागतं. माया सोडू नकोस. दिवस त्यांचा त्यांना दे, आणि संध्याकाळी तुझी मूठ दे."

दत्ताराम हळूच म्हणाला, "गुरुजी, धमार तालातला तो बोल माझ्या हातात बसेना, तेव्हा तुम्ही छत्री उचलून निघून गेला होतात. मी तेव्हा..."

"मला शिव्या घातल्यास. ऐकल्या मी," गुरुजी हसले. "भिंतीपलीकडेच उभा होतो. बोल बसला, तेव्हा घरी गेलो."

दत्तारामाने गुरुजींचे पाय धरले. खुराड्यात वाकायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

इतक्यात व्यापारी टोपल्या घेऊन आला. कुरणात कोंबड्या धावत होत्या आणि जाळीच्या आत चार माणसे बसली होती. त्याने टोपल्या खाली ठेवल्या.

"दत्ताराम, आज विकायला नक्की काय आहे?"

"काही नाही!" आतून तिघे एकदम ओरडले. "आधी ती कडी काढा!"

व्यापाऱ्याने कडी काढली. जाण्यापूर्वी त्याने हौस म्हणून भिंगरीला धरू पाहिले, तर ती त्याला बांधापर्यंत पळवून परत आली.

इंदुमती कुरणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. एकाही कोंबडीने मान वर केली नाही. "आता मी त्यांची कुणी नाही वाटतं," ती हसत म्हणाली, पण आवाज जरा ओलाच होता.

"दिवेलागण होऊ दे," गुरुजी म्हणाले.

दिवेलागणीला कोंबड्या न बोलावता परतल्या. सगळ्यांत शेवटी भिंगरी आली. इंदुमतीने मूठ उघडली, पण भिंगरीचे पोट तुडुंब होते. दाण्यांकडे तिने पाहिलेही नाही. ती इंदुमतीच्या पायाला अंग घासून थोडा वेळ तिथेच टेकली, आणि मग खुराड्यात गेली.

आपल्याही घरात कुणी असे उंबऱ्याकडे तोंड करून उभे असेल, तर एखाद्या सकाळी आपणच खुराड्यात जाऊन बसावे. कडी तेवढी आधी तपासून घ्यावी.