खासनीस डॉक्टरांची नोंद

सांगलीकडच्या एका मनोरुग्णालयात डॉक्टरांचं प्रशिक्षण चाललं होतं. पेशंटबद्दल लिहिलेल्या नोंदी पेशंटलाच वाचायला कशा द्यायच्या, हा विषय. शिकवायला आल्या होत्या कुमुदिनी हळबे. एके काळी त्या स्वतः पेशंट होत्या, आणि आपल्या फाइलीत काय लिहिलंय या धास्तीनेच अर्ध्या झाल्या होत्या.

मुख्य डॉक्टर खासनीस ताडकन उठले. "बाई, आजारी माणसाला असलं वाचणं झेपत नाही. हे खूळ इथे चालायचं नाही!"

साहेब नाही म्हणाले की विषय संपला. सगळ्यांनी वह्या मिटल्या. कुमुदिनीबाईंनी मात्र त्यांच्याकडे निरखून पाहत कागदावर चार ओळी लिहिल्या आणि घडी घालून पर्समध्ये ठेवल्या.

"माझ्याबद्दल लिहिलंत? काय लिहिलंत?"

"राहू द्या, डॉक्टर. तुम्हाला झेपायचं नाही."

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरांनी हात पुढे केला, तसा बाईंनी कागद दिला. त्यावर होतं, 'वय साठ. आवाज चढतो. पेशंट दुखावेल या काळजीपोटी रागावतात.'

वाचता वाचता डॉक्टरांचा चेहरा निवळला, पण लगेच ते गरजले, "साठ कुठलं? छप्पन्न!"

"बघा," बाई हसल्या, "वाचायला दिलं, म्हणून तर चूक सापडली!"

डॉक्टर हसत खाली बसले आणि वही उघडून म्हणाले, "हं, शिकवा."