कामसू गोगलगाय

वैजूताईंच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत एक छोटा खारा समुद्र होता आणि त्यात शेवाळ माजलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. ते खायला त्यांनी एक बिनशंखाची समुद्री गोगलगाय आणली. शेवाळाशिवाय तिला दुसरं काही पचत नसे, पण तोरा असा, जणू अख्खा समुद्र हिनंच धुतला!

"पोरी, मागच्या दगडावरचं थोडं ठेव," म्हातारा खेकडा म्हणाला. "उद्या काय खाशील?"

"अर्धवट काम आमच्या घराण्यात कुणी केलं नाही," ती फणकारली आणि शेवटचा हिरवा ठिपकाही चाटून मोकळी झाली.

"टाकी आहे की आरसा!" पाहुणे म्हणाले. गोगलगाय फुगली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कावळे ओरडू लागले. पण काच इतकी लख्ख होती, की "आता हिचं इथं काय काम?" म्हणत जाळी घेऊन येणाऱ्या वैजूताई तिला लांबूनच स्वच्छ दिसल्या.