तुटल्या जागेची चमक

“भट्टी किती डिग्रीवर होती?” उस्तादांनी विचारलं.

मी म्हणालो, “कडकपणा बरोबर आला होता.”

“ते नाही विचारलं.”

तो मंगळवार होता. दहाचा चहा नुकताच येऊन गेला होता, तेव्हा फोन आला. आमच्या कारखान्यात तापवून कडक केलेलं, ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरचं पातं शिरोळकडच्या एका रानात चालता चालता तुटलं होतं. मागून दगड वेचत चाललेल्या पिराजी खोत नावाच्या मजुराच्या गुडघ्यात तुकडा घुसला होता. त्याला मिरजेला नेलं होतं. पाय राहतो की जातो, ते डॉक्टर दोन दिवसांनी सांगणार होते.

दुपारी ते पातं विकलेल्या दुकानदाराचा माणूस तो तुकडा फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. भट्टीवर अडतीस वर्षं. तापल्या पोलादाचा रंग बघून डिग्री सांगायचे. मी धातुशास्त्र शिकून आलो, तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. अभिनंदन हे माझं नाव म्हणायला लांब पडतं म्हणून ‘अभ्या’ म्हणायचे. नोकरीत कायम झालो, त्या आठवड्यात मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, कामगारांसमोर साहेब म्हणत जा.

त्यानंतर कुणी नसतानाही ते मला साहेबच म्हणाले.

मागच्या महिन्यात उस्ताद वारले. तोवर त्या मंगळवारचं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

“साहेब, डिग्री...” त्या दिवशी उस्तादांनी पुन्हा विचारलं.

“नऊशे सत्तर.”

ठरलेली होती आठशे ऐंशी. मागणी वाढली होती. भट्टी चढवली की पाती लवकर तापत आणि पाळीला एक खेप जास्त निघे. रंग पिवळ्याकडे चाललाय, असं उस्ताद तेव्हाच सांगायला आले होते. डोळ्याला मीटर बसवून घ्या, असं मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो होतो. सगळे हसले होते. उस्तादही हसले होते.

“मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतंत?”

प्रत्येक लॉटमधला एक तुकडा कापायचा, घासून चकचकीत करायचा, ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली पाहायचा आणि मगच सही करायची, असा नियम होता. फळ्यावर तो मीच लिहिला होता. कडकपणाचा आकडा बरोबर आला, म्हणून मी न पाहता सही केली होती.



उस्तादांनी माझ्या लॉटमधलं उरलेलं एक पातं व्हाइसच्या शिकंज्यात आवळलं. हातोड्याचा एक घाव घातला. पातं तुटलं.

मग स्वतःच्या पाळीतलं, आठशे ऐंशीचं पातं आवळलं. तीन घाव घातले. ते वाकलं. चौथ्याला तुटलं.

दोन्ही तुकडे त्यांनी माझ्या तळहातांवर ठेवले.

त्यांच्या पात्याची तुटलेली जागा राखेसारखी करडी होती. माझ्या पात्याची खडीसाखरेसारखी चमकत होती.

“दिसायला तुमचं छान आहे,” ते म्हणाले.

मी हात खाली घेतले नाहीत. घेता आले नाहीत.

“पोलादातला बोरॉन कुठं बसतो म्हणाला होतात?”

ते मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं : टनाला चिमूटभरच असतो, पण कणांच्या सीमेवर जाऊन बसतो, म्हणून पोलाद आतपर्यंत कडक होतं.

“सीमेवर,” मी म्हणालो.

“आणि भट्टी चढली की?”

“कण वाढतात.”

“मग सीमा?”

“कमी उरते. पातं ठिसूळ होतं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

भट्टीचा पंखा घरघरत होता.

“उस्ताद, बाकीची पाती परत मागवतो,” मी म्हणालो. “आठशे ऐंशीला पुन्हा तापवली की कण बारीक होतात.”

“होतात.”

मी दुकानदारांची यादी काढली. एकेकाला फोन केले. रजिस्टरमध्ये माझ्या सहीखाली ‘न पाहता सही केली’ असं लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं. उस्ताद बाजूच्या स्टुलावर बसून सगळं पाहत होते. आता ते काहीतरी म्हणतील, निदान एकदा अभ्या म्हणतील, असं मला वाटत होतं.

पाच वाजले. पाळी सुटली. माणसं डबे घेऊन निघाली, तरी उस्ताद उठले नाहीत.

मी रजिस्टर मिटलं.

“आता काही राहिलं का, उस्ताद?”

ते उठले. तुकडा ज्यातून आला होता ते फडकं त्यांनी उचललं. रक्ताचा तपकिरी डाग वर राहील अशी त्याची घडी घातली आणि ती मिटलेल्या रजिस्टरवर ठेवली.

“साहेब,” ते म्हणाले, “मिरजेला त्याला बघायला आपल्यातलं अजून कुणी गेलेलं नाही.”